दुरुस्तीच्या टेबलावरील आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर : निवड आणि सुरक्षित वापर



आमच्या शेती कार्यक्रमात बी-बियाणे, खते, कीड-रोग यांची माहिती आपण नेहमी ऐकता. या पत्रिकेतला विषय थोडा निराळा आहे, पण शेतीबाहेरचा मात्र नाही. आज आपल्या परभणी जिल्ह्यात विजेच्या बारीकसारीक वस्तू शेतावर आणि घरात किती आल्या ते एकदा मोजून पाहा. फवारणीच्या बॅटरी पंपाचा चार्जर, रानडुकरे व रोही यांच्यासाठी लावलेले झटका मशीन, विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर, गोठ्यातला एलईडी बल्ब, घरातला टीव्ही, प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलचा चार्जर. यातले काहीतरी नेहमी बिघडलेले असतेच. ऐन फवारणीच्या दिवसांत चार्जर बंद पडला तर तालुक्याला जाऊन येण्यात दिवस मोडतो. म्हणून गावातला एखादा होतकरू पोरगा टेबल मांडून दुरुस्ती शिकतो. ही चांगली गोष्ट आहे. गावचा पैसा गावात राहतो आणि पोराच्या हाताला काम मिळते.

पण हे काम चालू विजेवर उघड्या वस्तूला हात लावून करावे लागते. शिवाय आपल्याकडे ते बहुधा शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून, अनवाणी पायाने होते. यात जीव जाऊ शकतो. हा धोका बराच कमी करणारे एक साधे उपकरण आहे. त्याचे नाव आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. ते काय करते, काय करत नाही, कसे निवडावे आणि कसे वापरावे, हे येथे सांगितले आहे. आपण स्वतः दुरुस्ती करत नसाल, तरी घरातल्या किंवा गावातल्या दुरुस्ती करणाऱ्या मुलाला ही पत्रिका अवश्य वाचायला द्या.

शॉक का बसतो?

विजेचा एक नियम पक्का ध्यानात ठेवावा. वीज जिथून निघते तिथे तिला परत जायचे असते. परतीची वाट असेल तरच ती वाहते, वाट नसेल तर वाहत नाही.

गावाबाहेरच्या रोहित्रात, ज्याला आपण डीपी म्हणतो, ११,००० व्होल्टची वीज उतरवून घरगुती वापरासाठी सुमारे २३० व्होल्टची केली जाते. घरात दोन तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. वीज फेजने येते आणि न्यूट्रलने रोहित्राकडे परत जाते. आता महत्त्वाची गोष्ट अशी की हा न्यूट्रल रोहित्राजवळ जमिनीत गाडलेला असतो. म्हणजे सगळी जमीनच विजेच्या परतीच्या वाटेला जोडलेली झाली. तुम्ही जमिनीवर उभे राहून फेजला बोट लावले, की वीज बोटातून शिरते, छातीतून पायात उतरते आणि जमिनीतून रोहित्राकडे जाते. मधली वाट तुम्ही झालेले असता.

त्यात आपली जमीन काळी. पावसाळ्यात ही माती पाणी धरून ठेवते आणि ओल्या काळ्या मातीतून वीज चटकन वाहते. ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा विरोध साधारण १,००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्टला १,००० ने भागले तर २३० मिलिअँपिअर येतात. माणसाच्या हृदयाला ३० मिलिअँपिअरसुद्धा काही क्षण मिळाले तर धोका सुरू होतो. नऊ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे ज्या विजेवर एक छोटा बल्ब पेटतो तेवढी वीज माणूस मारायला पुरते. 'एवढ्याशा बल्बने काय होतंय' असे म्हणणाऱ्याला हा हिशेब सांगावा.

उन्हाळ्यात दुसरी अडचण येते. मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग निकामी होते. श्रावणात चांगली असलेली अर्थिंग वैशाखात तशीच असेल असे समजू नये. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि वर्षातून एकदा वायरमनकडून ती तपासून घ्यावी.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर काय करतो?

पिठाची गिरणी आपण पाहिलेली आहे. मोटार एका बाजूला, जाते दुसऱ्या बाजूला आणि मधे पट्टा. मोटारीचा जोर पट्ट्यामार्फत जात्याला मिळतो, पण मोटारीचा लोखंडी दांडा आणि जात्याचा दांडा एकमेकांना कुठेही चिकटलेले नसतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये असेच घडते. एका लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेगवेगळी वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्याला घरातली वीज दिली की गाभ्यात चुंबकशक्ती तयार होते आणि तिच्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात नवी वीज तयार होते. दोन्ही तारांचा एकमेकींशी संबंध नसतो. इंग्लंडमधल्या एका लोहाराचा मुलगा मायकेल फॅरेडे याने १८३१ साली लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून हे तत्त्व दाखवून दिले. आपल्या गावचे रोहित्रही त्याच तत्त्वावर चालते.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये २३० व्होल्ट आत जातात आणि २३० व्होल्टच बाहेर येतात. मग फायदा काय? फायदा असा की बाहेर आलेल्या विजेचे घर आता रोहित्र राहिले नाही. तिचे घर म्हणजे दुसरे वेटोळे, आणि ते जमिनीला जोडलेले नाही. त्यामुळे जमिनीवर उभ्या माणसाचा हात चुकून त्यातल्या एका तारेला लागला, तरी विजेला जमिनीतून परतीची वाट मिळत नाही. फार तर किंचित मुंग्या आल्यासारखे वाटते. मुंग्या जोरात आल्या तर काम तिथेच थांबवावे आणि ट्रान्सफॉर्मर तपासावा.

काय करत नाही, हे आधी समजून घ्या

हा भाग दोनदा वाचावा. कारण उपकरण घेतल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो.

पहिली गोष्ट, दोन्ही तारांना एकदम हात लागला तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वाचवू शकत नाही. एका हातात एक तार आणि दुसऱ्या हातात दुसरी आली की परतीची वाट छातीतूनच पूर्ण होते. शॉक तेवढाच जबर बसतो.

दुसरी गोष्ट, घरात बसवलेला ईएलसीबी किंवा आरसीसीबी ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या बाजूचा शॉक ओळखू शकत नाही. जमिनीकडे गळणारी वीज पाहून तो पडतो, आणि इथे तर जमिनीकडे वाटच नाही. म्हणजे दोन्ही तारांच्या मधे माणूस सापडला तरी तो पडणार नाही. तरीही ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात हवाच, कारण ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या वायरी, प्लग आणि बाकीचे सगळे घर तोच सांभाळतो.

तिसरी गोष्ट, खुणेचा टेस्टर येथे फसवतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या तारेला टेस्टर लावला तर तो पेटत नाही किंवा अगदी मंद पेटतो. त्यावरून 'वीज नाही' असे समजून दोन्ही तारा हातात धरल्या तर अनर्थ होईल. दोन तारांमध्ये पूर्ण २३० व्होल्ट असतात. येथे मल्टिमीटरनेच मोजावे.

चौथी गोष्ट, वस्तूच्या आत साठलेल्या विजेवर ट्रान्सफॉर्मरचा काही ताबा नसतो. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

नावावर जाऊ नका

बाजारात ट्रान्सफॉर्मर म्हणून पुष्कळ वस्तू मिळतात. त्यांतल्या सगळ्या या कामाच्या नाहीत.

स्टॅबिलायझर आणि व्होल्टेज कमी-जास्त करणारा गोल डिमरस्टॅट यांत बहुतेक वेळा एकच वेटोळे असते. त्यांचा न्यूट्रल सरळ आरपार जातो. ते व्होल्टेज बदलतात, पण वीज वेगळी करत नाहीत.

सिरीज बोर्ड, म्हणजे मधे बल्ब लावलेली फळी, हाही आयसोलेशन नव्हे. तो वस्तू जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवत नाही. तुमच्या अंगातून ३० मिलिअँपिअर गेले तर १०० वॅटच्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नाही.

संगणक आणि मोठ्या यंत्रांसाठी 'अल्ट्रा आयसोलेशन' नावाचे ट्रान्सफॉर्मर मिळतात. त्यांत वेटोळी दोन असतात हे खरे, पण त्यांच्या बाहेरच्या बाजूचा न्यूट्रल पुष्कळदा अर्थिंगला जोडलेला असतो. तसा जोड असेल तर दुरुस्तीच्या टेबलावर त्याचा उपयोग शून्य. विकत घेताना स्पष्ट सांगावे, 'बाहेरच्या दोन्ही तारा मोकळ्या पाहिजेत, अर्थिंगला जोडलेल्या नकोत.'

किती क्षमतेचा घ्यावा?

ट्रान्सफॉर्मरची क्षमता व्हीए या मापात असते. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की व्हीए येतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सोपा हिशेब असा की पाटीवर लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट व्हीए धरावा.

एलईडी बल्ब ९ ते १५ वॅटचा, फवारणी पंपाचा चार्जर साधारण २० ते २५ वॅटचा, छोटा एलईडी टीव्ही ५० ते ६० वॅटचा. टीव्हीला दुप्पट धरले तरी १२० व्हीए होतात. म्हणून गावातल्या नेहमीच्या दुरुस्तीसाठी २५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरेसा आहे. मोठे टीव्ही, पंखे आणि इन्व्हर्टरच्या पाट्या दुरुस्त करायच्या असतील तर ५०० व्हीएचा घ्यावा. उगाच मोठा घेऊ नये. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शॉर्ट झाल्यावर भडका मोठा उडतो आणि वेटोळ्यांमधून होणारी बारीक गळतीही वाढते. बियाणे जास्त पेरले म्हणून पीक जास्त येत नाही, तसेच हे आहे.

विकत घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. पाटीवर आतली व बाहेरची बाजू २३०/२३० व्होल्ट, ५० सायकल आणि व्हीए स्पष्ट लिहिलेले असावे. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरसाठी आयईसी ६१५५८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा उल्लेख असेल तर उत्तम.

२. वेटोळी तांब्याच्या तारेची असावीत. त्याच आकारात अॅल्युमिनियमचे वेटोळे जास्त तापते. २५० व्हीएचा तांब्याचा साधा ट्रान्सफॉर्मर चार-पाच किलोच्या आसपास भरतो. अगदीच हलका लागला तर क्षमतेविषयी शंका घ्यावी. गोल कड्याच्या आकाराचा मात्र मुळातच थोडा हलका असतो.

३. दोन्ही वेटोळी गाभ्यावर वेगवेगळ्या कप्प्यांत असलेला ट्रान्सफॉर्मर मिळाला तर तो निवडावा. एकावर एक गुंडाळलेल्या वेटोळ्यांपेक्षा त्यात दोन तारा एकमेकींना भिडण्याची भीती कमी असते.

४. ट्रान्सफॉर्मर उघडा नसावा, धातूच्या पेटीत असावा. पेटी आणि गाभा यांना अर्थिंगची तार जोडलेली असावी. बाहेरच्या सॉकेटला मात्र अर्थिंग नसावे.

५. आतल्या बाजूला फ्यूज, बाहेरच्या बाजूला फ्यूज आणि दोन्ही तारा एकदम तोडणारे बटण असावे. २५० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला बाहेरच्या बाजूस १ अँपिअरचा फ्यूज ठीक आहे. आतल्या बाजूस २ अँपिअरचा, उशिरा उडणारा फ्यूज घालावा, कारण चालू करताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर जास्त वीज ओढतो. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घालण्याची आपल्याकडची सवय येथे जिवावर बेतेल.

दुकानातच करायची परीक्षा

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. ट्रान्सफॉर्मरही तपासूनच घ्यावा. वीज न जोडता मल्टिमीटर ओहमवर ठेवावा आणि चार ठिकाणी लावून पाहावा.

आतल्या बाजूच्या दोन तारांमध्ये काही ओहम दाखवले पाहिजेत. बाहेरच्या बाजूच्या दोन तारांमध्येही काही ओहम दाखवले पाहिजेत. आतली तार आणि बाहेरची तार यांच्यामध्ये मीटर अजिबात हलता कामा नये. बाहेरची कोणतीही तार आणि पेटीचा धातू यांच्यामध्येही मीटर हलता कामा नये. शेवटच्या दोन परीक्षांत मीटरने जोड दाखवला तर तो ट्रान्सफॉर्मर कितीही स्वस्त असला तरी परत करावा.

मल्टिमीटरची बॅटरी छोटी असते, त्यामुळे ही परीक्षा अर्धीच आहे. वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर असतो. त्याने आतले आणि बाहेरचे वेटोळे यांमधला विरोध मोजून घ्यावा. नव्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तो १०० मेगओहमच्या वर असायला हवा. ही परीक्षा दर पावसाळ्यानंतर पुन्हा करावी. ओलीने आतला कागद आणि वार्निश मऊ पडते आणि मेगरचा आकडा खाली येतो.

टेबल कसे मांडावे?

लाकडी टेबल घ्यावे, लोखंडी नको. खाली कोरडी रबरी चटई किंवा लाकडी फळी अंथरावी. टेबलाजवळ पाण्याचा माठ, नळ किंवा हात पोचेल इतक्या अंतरावर लोखंडी खिडकी, पत्र्याचे कपाट असू नये. ट्रान्सफॉर्मरची पेटी टेबलाच्या बाजूला, हवा खेळेल अशी ठेवावी. टेबलाचे मुख्य बटण दाराजवळ, दुसऱ्या माणसाला चटकन बंद करता येईल असे ठेवावे आणि ते घरातल्या सगळ्यांना, बायकामुलांनाही दाखवून ठेवावे.

एक गोष्ट आपल्या भागात मुद्दाम सांगावी लागते. न्यूट्रल तुटला किंवा घरगुती लाईन बंद असली की काही जण जमिनीत सळई ठोकतात आणि एका फेजवर बल्ब पेटवतात. असे कधीही करू नये. त्या सळईत आणि भोवतालच्या ओल्या जमिनीत वीज उतरते. गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असते, त्यामुळे अशा जमिनीवर माणसाआधी बैल-म्हैस मरते. अशा जोडणीवर किंवा आकडा टाकून घेतलेल्या विजेवर ट्रान्सफॉर्मर लावून दुरुस्ती करू नये. पायाच खचलेला असला तर वर कितीही चांगली भिंत बांधून उपयोग नाही.

कामाची रीत

१. वस्तू उघडण्याआधी प्लग काढावा. जळालेला भाग, सुटलेला टाका, फुगलेला कंडेन्सर हे वीज न लावता डोळ्यांनीच दिसते. बहुतेक दोष वीज बंद ठेवून सापडतात. वीज लावायची ती शेवटी.

२. हातातले कडे, अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. पायांत कोरडी चप्पल असावी.

३. ट्रान्सफॉर्मरला एका वेळी एकच वस्तू जोडावी. दोन वस्तू जोडल्या आणि एकीच्या सांगाड्यात एक तार, दुसरीच्या सांगाड्यात दुसरी तार उतरलेली असली, तर दोन्हींना हात लावणारा माणूस मधे सापडतो.

४. पहिल्यांदा वीज देताना ट्रान्सफॉर्मरच्या पुढे ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि वस्तू वाचेल. ट्रान्सफॉर्मर माणसाला सांभाळतो आणि बल्ब वस्तूला. दोघांची कामे वेगळी आहेत.

५. चालू वस्तूवर मोजमाप करताना एकच हात वापरावा, दुसरा हात पाठीमागे किंवा खिशात ठेवावा. मीटरची एक तार चिमट्याने आधीच अडकवावी. ही एवढी सवय लागली तर दोन तारांमध्ये हात सापडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

६. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे जोडलेल्या वस्तूला अर्थिंग जोडू नये. जोडले की एक तार पुन्हा जमिनीला बांधली गेली आणि सगळा खटाटोप वाया गेला. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांनी हेही ध्यानात ठेवावे की विजेवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपचा काळा चिमटा अर्थिंगलाच जोडलेला असतो. तो वस्तूला लावला की आयसोलेशन संपले.

७. एकट्याने, रात्री उशिरा, झोप आलेली असताना किंवा दारू पिऊन काम करू नये. लहान मुलांना टेबलाजवळ येऊ देऊ नये.

८. दुरुस्ती झाल्यावर वस्तू बंद करून प्लगच्या दोन पिना आणि तिचा बाहेरचा धातू यांमध्ये मेगर लावावा. किमान २ मेगओहम आले तरच ती घरी पाठवावी. आपल्या टेबलावर ट्रान्सफॉर्मर आहे, गिऱ्हाइकाच्या घरी नाही, हे विसरू नये.

साठलेली वीज

एलईडी बल्ब, चार्जर, टीव्ही यांत कंडेन्सर असतो. २३० व्होल्टची वीज आत डीसी झाली की कंडेन्सरमध्ये ती ३२५ व्होल्टपर्यंत चढते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तशीच राहते. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची पद्धत वाईट आहे. त्याने कंडेन्सर बिघडतो आणि डोळ्यांत ठिणगी उडते. २.२ किलोओहम, १० वॅटचा एक रेझिस्टर घेऊन त्याला दोन चांगल्या मुठीच्या तारा जोडाव्यात. प्लग काढल्यावर कंडेन्सरच्या दोन टोकांना त्या पाच सेकंद लावाव्यात, मग मीटरने डीसी व्होल्ट मोजावेत. आकडा शून्याजवळ आला की मगच हात लावावा. जुन्या टीव्हीची काचेची नळी आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांत हजारो व्होल्ट असतात. त्या वस्तू गावात उघडूच नयेत.

झटका मशीन आणि कुंपण

झटका मशीनमध्ये बॅटरीच्या विजेतून काही हजार व्होल्टचा ठोका तयार होतो. मग जनावर मरत का नाही? कारण ठोका सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरता असतो आणि दोन ठोक्यांमध्ये साधारण एक सेकंदाची उसंत असते. आंतरराष्ट्रीय मानकात एका ठोक्याची ऊर्जा ५ ज्यूलपर्यंत मर्यादित ठेवली आहे. त्या उसंतीत जनावर आणि माणूस सुटून मागे होऊ शकतो. घरातली २३० व्होल्टची वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलत सतत वाहते. तिने स्नायू आखडतात आणि तारेवरचा हात सुटत नाही.

म्हणून कुंपणात थेट वीज सोडणे म्हणजे मरणाचा सापळा लावणे होय. रात्री पाणी धरायला जाणारा शेजारी, गुरे वळणारे पोर, कधी घरचाच माणूस त्यात सापडतो. माणूस मेला तर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. वन्यजीव मेला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची कारवाई होते. कोणी म्हणेल, 'मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून सोडू.' तेही चालणार नाही. लांबलचक तारेला गवत, ओले खांब, वेली टेकतात, तार जमिनीला जोडली जाते आणि आयसोलेशन तिथेच संपते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची जागा फक्त दुरुस्तीच्या टेबलावर आहे.

झटका मशीन दुरुस्त करताना बॅटरी आणि सोलर पॅनल दोन्ही सोडवावेत, आतला कंडेन्सर वर सांगितल्याप्रमाणे रिकामा करावा. बॅटरीवर चालू असलेल्या मशीनच्या ठोक्यापासून ट्रान्सफॉर्मर वाचवत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : विहिरीवरची मोटार व स्टार्टर यांसाठी हा ट्रान्सफॉर्मर वापरता येईल का?
उत्तर : नाही. तिथे तीन फेज आणि ४१५ व्होल्ट असतात. मेन बटण बंद करून फ्यूज काढावेत आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. मोबाईल स्टार्टरची पाटी सोडवून टेबलावर आणता येते, पण पाटीवर ४१५ व्होल्ट लिहिलेले असेल तर २३० च्या ट्रान्सफॉर्मरवर तिची परीक्षा करू नये.

प्रश्न : नवा ट्रान्सफॉर्मर परवडत नाही. दुसरा उपाय?
उत्तर : २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारे, दोन वेगळ्या वेटोळ्यांचे एकसारखे दोन ट्रान्सफॉर्मर घेऊन त्यांच्या १२ व्होल्टच्या बाजू एकमेकींना जोडता येतात. पहिला २३० चे १२ करतो, दुसरा १२ चे पुन्हा २३० करतो. १२ व्होल्ट ५ अँपिअरचे दोन घेतले तर ६० व्हीएपर्यंत काम होते, म्हणजे बल्ब आणि छोटे चार्जर तपासता येतात. बाहेर २३० पेक्षा काही व्होल्ट कमी मिळतात. ही जोडणी वायरमनकडूनच बंद पेटीत, फ्यूजसह करून घ्यावी आणि वरच्या सगळ्या परीक्षा तिलाही लावाव्यात.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मर हलका गुणगुणतो. बिघडला का?
उत्तर : हलका आवाज येतोच. आवाज वाढला, वास आला किंवा पेटी हात ठेववणार नाही इतकी तापली तर बंद करून तपासावा.

शॉक बसलाच तर

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी बटण बंद करा किंवा प्लग ओढा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने त्याला तारेपासून दूर ढकला. तो बोलत नसेल आणि श्वास चालत नसेल तर जमिनीत पुरणे, शेण लावणे यांत वेळ घालवू नका. त्याला उताणे निजवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. दुसऱ्याने लगेच १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. मदत येईपर्यंत दाबणे थांबवू नये. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात दाखवावे, कारण हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात. तुटलेली तार, पेटलेले रोहित्र दिसले तर १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवावे आणि जवळ जाऊ नये.

थोडक्यात

दोन वेगळी वेटोळी, २३०/२३० व्होल्ट, २५० व्हीए आणि बाहेरच्या दोन्ही तारा मोकळ्या असलेला ट्रान्सफॉर्मर घ्यावा. घेताना मल्टिमीटर व मेगर लावावा. एका वेळी एक वस्तू जोडावी, एका हाताने काम करावे, टेस्टरवर विश्वास ठेवू नये, कंडेन्सर रिकामा करावा. कुंपणात वीज सोडू नये.

एकट्या पोराला हा खर्च जड वाटत असेल तर गावातल्या शेतकरी गटाने किंवा बचत गटाने मिळून एक ट्रान्सफॉर्मर आणि एक मेगर घ्यावा. फवारणी पंप जसा आळीपाळीने वापरतो, तसा तो वापरता येईल. गावात चार्जर दुरुस्त झाले पाहिजेत आणि ते दुरुस्त करणारा पोरगा संध्याकाळी धडधाकट घरी आला पाहिजे. पहिले काम त्याचे आहे, दुसरे आपल्या सगळ्यांचे.